बुधवारची पंगत

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला दोन मुलांना घेऊन रस्त्यावर उभं राहिलं की लोक आधी मुलांकडे बघतात आणि मग आमच्याकडे. ई-रिक्षावाला तर हमखास विचारतो, "आज छुट्टी है क्या?" धाकट्यानं या प्रश्नाची दोन-तीन उत्तरं करून ठेवली आहेत. घाई असली तर तो "हाँ" म्हणून मोकळा होतो. मूड असला तर "हम घर में पढ़ते हैं" असं सांगतो, आणि समोरचा फारच खोदून विचारायला लागला तर म्हणतो, "अभी भी पढ़ ही रहे हैं." थोरली आता बारा वर्षांची झाली. तिला या प्रश्नाचा कंटाळा येतो. ती दुकानांच्या पाट्या वाचत बसते.

सुरुवातीला उत्तर द्यायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते फार मन लावून करायची. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांबद्दल काय म्हणतो, मुक्त विद्यालयातून चौदाव्या वर्षानंतर दहावीला कसं बसता येतं, आम्ही सकाळी गणित आणि दुपारी वाचन कसं करतो, सगळं. एका रिक्षावाल्यानं रांझीपासून गोलबाजारापर्यंत हे शांतपणे ऐकून घेतलं आणि पैसे परत देता देता विचारलं, "वो तो ठीक है दीदी, पर जाते क्यों नहीं?" तेव्हापासून हे खातं धाकट्याकडे आहे.

त्या बुधवारी आम्ही गोहलपूरला आपाकडे जेवायला निघालो होतो. जानेवारी संपत आलेला, म्हणजे जबलपुरात मटारचा भर. पाटण आणि शहपुऱ्याकडून गोणीच्या गोणी बाजारात उतरतात, आणि ज्याच्या त्याच्या दारात सालींचे ढीग दिसायला लागतात. आपाचा निरोप दोन वाक्यांचा होता: मटार आलाय, मुलांना घेऊन या. नवऱ्यानं हायकोर्टातलं त्या दिवसाचं काम मित्रावर सोपवलं होतं. माझ्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. आपाच्या घरी जाताना दुसरं काही नेलं तर त्या घरच्या वयस्कर खाला रागावतात.

आमचं घर गोलबाजारात, दत्तमंदिराच्या बाजूला. जबलपूरच्या मराठी माणसाचा पत्ता बहुतेक वेळा याच मंदिरापासून सुरू होतो. तिथून राणीताल आणि मग दमोह नाका. वर मदनमहालपासून आलेला नवा उड्डाणपूल आहे, आमची रिक्षा खालच्या सावलीतून जाते. धाकट्याचा या रस्त्यावरचा एक छंद आहे. नावात 'ताल' आलं की पाणी शोधायचं. राणीतालला पाणी नाही, स्टेडियम आहे. चेरीतालला घरं आहेत, घरांवर पाण्याच्या काळ्या टाक्या आहेत, त्या तो मोजतो. सांगतात की राणी दुर्गावतीनं एक तलाव बांधला, तिच्या दासीनं दुसरा आणि तिचा मंत्री आधार कायस्थ यानं तिसरा, तो गोहलपूरच्या पलीकडचा आधारताल. राणी १५६४ साली मुघल फौजेशी लढताना गेली. शहर अजून स्वतःला बावन्न तालांचं म्हणवतं. हनुमानतालला तेवढं खरोखरचं पाणी आहे, तिथं गेलं की धाकटा समाधानानं मान हलवतो. "बाकीचं पाणी कुठं गेलं?" असं त्यानं विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, "घरांखाली." त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. असे धडे आम्ही ठरवून घेत नाही, आणि ठरवून घेतले असते तर ते इतके चांगले झाले नसते असं मला उगाचच वाटत राहतं.

गोहलपूरच्या गल्लीत शिरलं की शिलाई मशिनांचा आवाज येतो. माझ्या लहानपणी इथं मागाचा खटखटाट असायचा. ही अन्सारी विणकरांची जुनी वस्ती. गिरणीच्या कापडानं आणि १८५७ नंतरच्या धरपकडीनं आझमगड, मऊ या भागातले विणकर एकोणिसाव्या शतकात दक्षिणेकडे सरकत गेले. कुणी जबलपूरला थांबले, कुणी कामठीला, कुणी बुऱ्हाणपूरला, कुणी पार मालेगाव आणि भिवंडीला पोचले. आपाच्या घराण्यात या प्रवासाचा एकही कागद नाही. पण हिवाळ्यात तिच्या चुलीवर निमोना होतो. ताजा मटार वाटून, तो तेलात परतून केलेला घट्टसर रस्सा, त्यात बटाटा आणि वड्या. हा पदार्थ पूर्वेकडचा, बनारस-आझमगडच्या स्वयंपाकघरांतला. सव्वाशे-दीडशे वर्षांत भाषा बदलली, धंदा बदलला, माग गेले; निमोना राहिला.

आपाचे वडील आणि माझे बाबा गन कॅरेज फॅक्टरीत एकाच शॉपमध्ये होते. ही फॅक्टरी १९०४ सालची. जबलपूरमधल्या कितीतरी घरांची सकाळ तिच्या भोंग्यावर उगवायची आणि सायकलींची रांग लागायची. बाबा गोलबाजारातून निघायचे, चाचा गोहलपुरातून, आणि वाटेत एका ठरलेल्या चहाच्या टपरीवर दोघांच्या सायकली एकत्र व्हायच्या. ईदच्या दिवशी चाचा आमच्याकडे यायचे तेव्हा हँडलला पिशवी असायची. पिशवीत कोरड्या शेवया, साखर, खोबरं, चारोळ्या आणि एका कागदात गुंडाळलेले दुधाचे पैसे. आमच्या आजीला त्यांच्या घरचं शिजवलेलं चालत नव्हतं, म्हणून हा कोरडा शिधा. आजी आमच्या पातेल्यात आमच्या दुधाची खीर करायची आणि कौतुकानं सांगायची, भाईंच्या घरची खीर आहे. दिवाळीचा फराळ मात्र आमच्याकडून शिजवलेलाच जायचा. त्यांना आमचं चालत होतं.

आता लोक हे प्रसंग जुन्या सलोख्याचे म्हणून सांगतात. मला ते तसे सांगता येत नाहीत. दुधाचे पैसे कागदात गुंडाळताना चाचांच्या मनात काय येत असेल, हे मला कळतं असं म्हणण्याचीही छाती नाही. बाबांना ते कळत असावं, कारण फॅक्टरीत ते चाचांच्या डब्यातलं खायचे आणि घरी येऊन भूक नाही म्हणून सांगायचे. आजी वैद्याकडून त्यांच्यासाठी भूक वाढवायचं चूर्ण आणायची. पुढे आजी गेली, मग आईनं पहिल्यांदा या अंगणात बसून जेवण केलं. त्या दिवसाचं कुणी काही बोललं नाही, खालांनी फक्त तिच्या पानात तहरी जरा जास्त वाढली.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात चटई पसरलेली होती आणि चटईवर मटारचा ढीग. खाला आधीच बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढचं वय, डोळ्यांना नीट दिसत नाही, पण अंगठ्यानं शेंग फोडून दाणे परातीत सोडण्याचा त्यांचा वेग आमच्यापैकी कुणाला जमत नाही. धाकटा त्यांच्या शेजारी बसला आणि लगेच त्यानं हिशेब मांडला: एका शेंगेत किती दाणे, सगळ्यांत जास्त किती, पोचट शेंगा किती. खालांचं मोजणं वेगळं आहे. त्या विसाच्या कोडीनं मोजतात. तीन कोडी आणि सात, चार कोडी आणि दोन. धाकट्याला हे फार आवडलं. तो घरी दशमान पद्धत शिकतोय आणि त्याला वाटलं होतं, जग दहानंच चालतं.

मग कशावरून तरी नळ्यांचा विषय निघाला. मागावर पुरुष बसायचे आणि घरातल्या बाया-मुलं नळ्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या कांडीवर बाण्याचं सूत गुंडाळायचं. खालांनी हे काम सहाव्या-सातव्या वर्षापासून केलेलं. चरखा आता नाही. त्यांनी माझ्या थोरलीची पेन्सिल मागून घेतली, आपाच्या टोपलीतली लोकर घेतली आणि पेन्सिलीवर ती गुंडाळायला सुरुवात केली. मध्ये फुगवटा नको, टोकाला उतार हवा, बोटाचा दाब सगळीकडे सारखा. दोघांनी करून बघितलं. धाकट्याची नळी मध्येच पोट आल्यासारखी झाली. खालांनी ती बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "यह तो अटकेगी." त्यांनी उलगडून परत त्याच्या हातात दिली. पुन्हा. परत चाचपली, परत उलगडली. रागावणं नाही, शाबासकी नाही. मी दुरून बघत होते. घरी मी एखादं उदाहरण दुसऱ्यांदा करायला सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. इथं तो निमूटपणे पाचव्यांदा गुंडाळत होता.

घरी शिकण्याची गोष्ट निघाली की आमच्या मराठी मंडळींना मी पंडिता रमाबाईंचं नाव सांगते. ते नाव ऐकल्यावर वाद घालणारे जरा थांबतात. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून भाऊबंद उलटले, आणि ते गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले. तिथं १८५८ साली रमाबाई जन्मल्या. वडील म्हाताऱ्या वयाचे, म्हणून मुलीला शिकवलं आईनं, लक्ष्मीबाईंनी. दिवसभर घरचं आणि आल्यागेल्याचं करायचं असे, त्यामुळे धडे पहाटे, उजाडण्याआधी. अर्धवट झोपेतल्या पोरीला जवळ घेऊन आई श्लोक म्हणून घेत असे. पुढे तीर्थयात्रा, भटकंती, दुष्काळ, १८७४ साली आईवडिलांचा मृत्यू, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्या वीस वर्षांच्या मुलीला दिलेली 'पंडिता' आणि 'सरस्वती' ही बिरुदं. यापेक्षा मोठा दाखला घरच्या शिक्षणाला कुठून आणायचा?

मात्र ही कहाणी मी नेहमी कलकत्त्याला थांबवते. पुढचं सांगितलं तर माझी बाजू पडते. घरी शिकलेल्या या बाईनं १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. शाळाच काढली. आईच्या मांडीवर जे मिळालं ते ज्या मुलींना आईच्या मांडीवर मिळणं शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी. न्यायमूर्ती रानड्यांनी आपल्या बायकोला घरी शिकवलं, आणि त्या रमाबाईंनीही पुढे बायकांच्या शिक्षणासाठीच सेवासदन उभं केलं. घरात शिकलेल्या बायका बाहेर पडल्या की दुसऱ्यांसाठी बाक आणि फळा मांडत होत्या, हे मला अलीकडे जास्त दिसायला लागलं आहे.

आपाला पंडिता रमाबाई ठाऊक नाहीत. तिला विनोबा ठाऊक आहेत, कारण जबलपूरला संस्कारधानी हे नाव त्यांनी दिलं असं इथल्या प्रत्येक भाषणात कुणीतरी सांगतंच. नवऱ्याचा सगळा भर विनोबांवर. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला जायला निघालेला तरुण सुरतेला उतरतो आणि काशीची गाडी पकडतो, ही गोष्ट तो फार रंगवून सांगतो. त्या दिवशीही त्यानं ती सांगितली. आपा मटार वाटता वाटता ऐकत होती. गोष्ट संपल्यावर तिनं विचारलं, "इंटर तक तो पढ़े थे ना?"

नवरा हसला. मीही हसले. आपा हसली नाही, तिनं वाटण पातेल्यात काढलं, मिक्सरच्या भांड्यात पाणी घालून तेही त्यात ओतलं आणि मग बोलायला लागली. नऊ वर्षांची असताना ती घरीच शिकली, बिडी वळायला. एका पगारावर अकरा माणसं, म्हणून घरातल्या सगळ्या बायका वळायच्या. रात्री तेंदूपत्ता भिजवायचा, सकाळी फर्म्यावर ठेवून कातरीनं पानं कापायची, सुपात तंबाखू घेऊन बसायचं, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. आईनं शिकवलं, मायेनं शिकवलं, चुकलं की हात धरून शिकवलं. सट्टेदार यायचा, मोजून न्यायचा, आणि वाईट वळलेल्या बाजूला काढून त्यांचे पैसे कापायचा. "तुमच्या घरी शाळा येते," आपा म्हणाली, "आमच्या घरी सट्टेदार यायचा." मग तिनं मोहरीचं तेल तापत ठेवलं.

मला काही बोलता आलं असतं. घर म्हणजे कारखाना नव्हे, आम्ही मुलांना राबवत नाही, आणि शाळेतही कमी हमाली नसते, हे सगळं तोंडावर होतं. पण आपा वाद घालत नव्हती. तिनं पाटा पुसावा तितक्या सहजपणे ते सांगितलं आणि ती कांदा चिरायला बसली. तिच्या बिडीकार्डावर तिच्या लेकीला बिडीकामगारांच्या मुलांची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. त्या पैशांतून पहिल्या वर्षी गणवेश आला, पुढे वह्यापुस्तकं. ती लेक बी.एड. झाली, आता एका शाळेत शिकवते. कार्ड आपानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं आहे, वळणं सोडून बरीच वर्षं झाली तरी. ज्यांच्या घरात तीन पिढ्या शाळा होऊन गेली, त्यांना शाळा सोडण्याचा निर्णय हलका जातो. हे मला आधीही माहीत होतं. पण मोहरीच्या तेलाच्या धुरात बसून ऐकलं की ते जास्त झोंबतं.

दोनच्या सुमाराला आपाची नात शाळेतून आली. सहावीत आहे. आकाशी कुर्ता, पांढरी सलवार, पांढरी ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी टाचलेली, पाठीवर तिच्यापेक्षा रुंद दप्तर. आली ती थेट माझ्या थोरलीकडे. दोघी गेल्या ईदेनंतर भेटत होत्या. पाच मिनिटांत थोरलीच्या पाठीवर ते दप्तर होतं आणि ती अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघत होती. "एवढं जड?" तिनं मराठीत विचारलं, आणि तिच्या आवाजात कीव होती की हेवा, ते मला ओळखता आलं नाही. मग जिन्याच्या पायऱ्यांवर वर्ग भरला. नात मास्तरीण, हातात पट्टी. माझी दोन्ही मुलं वरच्या पायरीवर. हजेरी झाली, नखं तपासली, धाकट्याला बोलल्याबद्दल भिंतीकडे तोंड करून उभं केलं. तो इतका खूश होता की वर्ग सुटल्यावरही तसाच उभा राहिला. घरच्या शाळेत शिक्षा नाही, घंटा नाही, शेजारी बसून कोपर मारणारं कुणी नाही. शिक्षणावरच्या आमच्या आवडत्या पुस्तकांमध्ये शिक्षेविरुद्ध पानंच्या पानं आहेत; खोटीखोटी शिक्षा खाण्यातल्या मजेबद्दल मात्र कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

दस्तरखान आतल्या खोलीत पसरला. चादरीवर प्लास्टिकचा फुलाफुलांचा कागद, मध्ये तहरीचं पातेलं, निमोना, वांग्याचं भरीत, ओल्या लसणाची चटणी, मुळ्याच्या चकत्या, तंदूरच्या रोट्या. आम्ही गेलो की त्या दिवशी मांस शिजत नाही, आणि दर वेळी मी सांगते की तुम्ही तुमचं करा, आणि दर वेळी आपाचा मुलगा म्हणतो, "एक दिन आप लोगों की वजह से हमारा भी पेट हल्का रहता है." एका मोठ्या थाळीत दोघं-तिघं जेवतात. माझी मुलं इथं मुळीच सांडत नाहीत, का ते देव जाणे. आपल्यासमोरचंच खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही, घास संपेपर्यंत दुसरा उचलायचा नाही, रोटी दुसऱ्यासाठी तोडून ठेवायची, हे सगळं कुणी सांगितलेलं नसताना त्यांनी खालांकडे बघून उचललं.

खालांनी आधी पुरणपोळी मागितली. त्या ती तुपाशी खात नाहीत, कटाच्या आमटीत बुडवून खातात. ही रीत त्यांना माझ्या आईनं शिकवली. आईच्या हाताची पोळी पातळ असायची, तुझी जाड होते, हे त्यांनी याही वेळी सांगितलं. खालांना जायफळ किती घातलं ते वासावरून कळतं.

जेवताना मालेगावचा फोन आला. आपाची धाकटी बहीण तिकडे दिलेली आहे. विणकरांच्या जुन्या वाटेवरून सोयरिकी अजून चालतात. बहिणीच्या मुलीनं फोन घेतला आणि आम्ही मराठी लोक आलोय हे कळल्यावर ती आमच्याशी मराठी बोलायला लागली. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकणारी मुलगी, तिथं मराठी हा विषय आहेच, २०२० च्या कायद्यानं तर महाराष्ट्रात तो सगळ्या माध्यमांना सक्तीचा झाला. तिनं माझ्या थोरलीला विचारलं, "तुझा आवडता धडा कोणता?" थोरलीनं माझ्याकडे बघितलं. तिच्याकडे पुस्तकं आहेत, धडे नाहीत. शिवाय 'ळ' तिच्या जिभेवर अजून नीट बसत नाही, ती गोळीला गोली म्हणते. जबलपूरच्या मराठी घरांतली मुलं अशीच बोलतात, हिंदीच्या चालीवर मराठी. मालेगावच्या अन्सारी मुलीचा 'ळ' लख्ख होता.

मुक्तिबोधांच्या घराची मला अशा वेळी आठवण येते. आईवडील मराठी, वाढणं माळव्यात. थोरला गजानन हिंदीत लिहू लागला, १९४० च्या दशकात काही काळ इथं जबलपुरात राहिला. धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी झाले, नागपूरला राहिले, १९७९ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच घरातून दोन भाषांत दोन वाटा गेल्या. घरानं त्यांना काय शिकवलं आणि काय शिकवलं नाही, याचा हिशेब कसा लावणार? माझी मुलं कुठल्या भाषेत रागावतील, कुठल्या भाषेत पत्र लिहितील, हे मी ठरवू शकते असं मला पूर्वी वाटायचं. आता मी मराठी पुस्तकं उशाशी ठेवते आणि गप्प बसते.

दुपारी पुरुषमंडळी आडवी झाली. नातीनं गृहपाठ काढला, उर्दूचा. थोरली शेजारी सरकली. उजवीकडून डावीकडे जाणारी ओळ तिनं पहिल्यांदाच जवळून पाहिली. कुठलं अक्षर पुढच्याला हात देतं आणि कुठलं देत नाही, हे नातीनं तिला स्वतःच्या भाषेत समजावलं: "यह वाला घमंडी है, आगे वाले से नहीं मिलता." अर्ध्या तासात थोरलीनं स्वतःचं नाव लिहिलं, मग धाकट्याचं, मग माझं. माझ्या नावात एक नुक्ता चुकला होता आणि मी भलतीच कुणी झाले होते. घरी हे तिला शिकवणारं कुणी नाही. आमच्या कपाटात विश्वकोश आहे, दुर्बीण आहे, लाकडी अबॅकस आहे. सहावीतली मैत्रीण नाही. घरात शिकणाऱ्या मुलांना दुसऱ्यांची घरं लागतात, भरपूर लागतात, आणि तिथं शिकवायला बसलेल्या माणसांना आपण शिकवतोय याची कल्पनाही नसावी लागते. ही गोष्ट वेळापत्रकात कशी बसवायची ते मला जमलेलं नाही. मटार येईपर्यंत वाट बघावी लागते.

उन्हं कलायला लागल्यावर आपाच्या मुलानं मशीन सुरू केलं. खालच्या खोलीत चार मशिनं, सलवार-सूटचं काम. जबलपूरचे तयार सूट देशभर जातात. गोहलपुरातच लेमा गार्डनला या धंद्याचं मोठं संकुल उभं राहिलं आहे, पण हा आपल्या खोलीतूनच शिवतो. भाडं नाही, आईच्या हातचा चहा आहे, असं त्याचं गणित. धाकट्याला त्यानं कतरणी निवडायला बसवलं, रंगाप्रमाणे ढीग. थोरली दारात घुटमळत होती. मग हळूच म्हणाली, की तिला नातीसारखा कुर्ता हवा आहे.

"कसला? फुलाफुलांचा?" मी विचारलं.

"नाही. तिच्या शाळेचा. तसाच. आकाशी."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. आपाच्या मुलानं कुणाकडेच बघितलं नाही, गळ्यातली टेप काढली आणि तिला उजेडात उभं केलं. गणवेशाचं उरलेलं कापड त्याच्याकडे होतं, दोन-अडीच मीटर. खांदा, छाती, बाही, त्यानं आकडे बोलायला सुरुवात केली आणि नात ते तिच्या उर्दूच्या वहीच्या मागच्या पानावर लिहू लागली.

"हा तू कधी घालणार?" मी विचारलं.

"बघू," थोरली म्हणाली.

"उंची वाढते आहे," आपा आतून ओरडली, "खाली तीन बोटं दाबून ठेव, दोन वर्षं तरी चालला पाहिजे."

"दोन वर्षं?" नवरा म्हणाला.

आपाच्या मुलानं तीन बोटं मोजली, खडूनं खूण केली आणि कात्री उचलली.